परत सांगा

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मी यांना म्हटलं, "येताना कोथिंबीर, आलं आणि चार लिंबं आणा." हे चपला घालता घालता म्हणाले, "कोथिंबीर, आलं, चार लिंबं." आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, थट्टा चाललीय माझी. "घरात पोपट पाळलाय का मी?" असं म्हणून मी आत निघून गेले. हे मात्र दारातच. शेवटी मला बाहेर येऊन "हो, बरोबर" म्हणावं लागलं, तेव्हा कुठे स्वारी हलली.

हे विमान चालवायचे. लढाईत हवाई दलात होते आणि नंतर एका खासगी कंपनीत डाकोटा विमानांवर लागले. ठाण्यात तेव्हा वकील, मास्तर, कारकून रगड होते, पण वैमानिक म्हटला की आमच्या आळीतल्या बायका नळावरून वळून वळून बघायच्या. मला बाई त्याचं कौतुक थोडंच टिकलं. माणूस आठवड्यातले चार दिवस घराबाहेर, आणि घरी असला की असले वेडेचार.

ते वेडेचार नव्हते, ती त्यांच्या धंद्याची रीत होती, हे हळूहळू कळलं. सांताक्रूझच्या विमानतळावर उंच टॉवर होता. तिथला माणूस वायरलेसवरून सांगणार की अमक्या धावपट्टीवर ये, इतक्या उंचीवर थांब. वैमानिकानं नुसतं "हो" म्हणून भागत नसे. जे ऐकलं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. टॉवरवाला ते कान देऊन ऐकणार आणि बरोबर असेल तरच पुढचं काम. "रॉजर" म्हटलं तर त्याचा अर्थ ऐकलं, एवढाच. पटलं किंवा करतो, असा मुळीच नाही. हे कळल्यापासून यांनी घरात रॉजर म्हटलं की माझं डोकं फिरायचं.

आणखी एक रीत होती. त्या वायरलेसवर कामाशिवाय अक्षर बोलायचं नाही. नाव घ्यायचं नाही, खुशाली विचारायची नाही, भांडायचं तर नाहीच. भांडायचंच असेल तर विमान उभं करावं, टॉवरचे जिने चढावेत आणि वर जाऊन भांडावं.

टॉवरमधल्या एकावर यांचा विशेष राग होता. त्याला हे 'खडूस' म्हणायचे. एकदा आपलीच पाळी आहे असं धरून यांनी विमानाचं नाक धावपट्टीच्या कडेपाशी जरा पुढे नेलं, तर खडूसाचा कोरडा आवाज आला, "आहात तिथे थांबा. परत आलात की वर येऊन भेटा." संध्याकाळी हे घरी आले ते तोंड फुगवूनच.

"ओरडला का?" मी विचारलं.

"ओरडतोय कसला! चहा पाजला. आणि चहा पाजता पाजता सालटी काढली."

गृहस्थ डोंबिवलीत राहतात, एवढंच त्या चहात यांना कळलं. मला तर त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल बरंच वाटलं. यांची सालटी काढणारं कोणी तरी हवंच होतं.

आमचा मुलगा बापाचं बघून ते परत म्हणणं उचलून बसला होता. "पाय धू, मग पानावर बस," म्हटलं की "पाय धुतो, मग पानावर बसतो," असं छातीवर हात बांधून म्हणायचा आणि मी "बरोबर" म्हणेपर्यंत जागचा हलायचा नाही. कधी हसू यायचं, कधी एक धपाटा घालावासा वाटायचा.

तो चार वर्षांचा असताना त्याला घटसर्प झाला.

हे त्या दिवशी दिल्लीच्या फेरीवर होते. सकाळी मुलाचा घसा सुजलेला वाटला आणि दुपारपर्यंत श्वासाचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू यायला लागला. आमच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं, घटसर्पावरचं इंजेक्शन टोचलं आणि म्हणाले, "वहिनी, याला मुंबईला न्यायचा. आत्ताच्या आत्ता." त्यांचीच गाडी काढली. धाकटे दीर घरी होते. मी त्यांना म्हटलं, "दवाखान्यातून विमानतळावर फोन लावा. म्हणावं, यांना परस्पर इस्पितळात पाठवा." दिरांनी ते घाईघाईनं परत म्हणून दाखवलं. आमच्या घरात सगळ्यांनाच परत म्हणायचा तो रोग लागला होता.

मुलुंड गेलं, भांडुप गेलं, मला रस्ता दिसत नव्हता. मुलगा मांडीवर निळा पडत चालला होता. इस्पितळातल्या सर्जननी त्याला बघितलं मात्र आणि म्हणाले, "श्वासनळीला भोक पाडून नळी घालावी लागेल. वडील कुठे आहेत?"

"विमानात."

"मग सही तुम्ही करा."

मी केली. अक्षर माझं मलाच ओळखू आलं नाही. मुलाला आत नेलं, दार लागलं आणि मी बाकावर बसून राहिले. देवाचं नावसुद्धा तोंडात येईना. एकच घोकत होते, हे येऊ देत, हे येऊ देत. तो गेला तर मी एकटीनं ते ऐकायचं कसं?

हे आले तेव्हा दार अजून लागलेलंच होतं. धावत आले, माझा हात धरला. मागून एक किडकिडीत, चष्मेवाले गृहस्थ आले आणि भिंतीशी उभे राहिले. यांनीच सांगितलं की टॉवरमधले ते 'खडूस' हेच. विमान उभं राहिलं तेव्हा ते स्वतः जिना उतरून खाली गाडी घेऊन उभे होते. यांना वाटलं, आज पुन्हा आपलं काही चुकलं. मग त्यांनी सांगितलं.

"फोन कधी आला होता तुम्हाला?" मी त्या गृहस्थांना विचारलं.

"यांचं विमान अजून बरंच लांब होतं तेव्हा."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं नाही. मग यांच्या तोंडून निघून गेलं की पुढे दुसरं एक विमान उतरायचं होतं, म्हणून नेहमीसारख्या वर चकरा माराव्या लागल्या.

मग मात्र माझा तोल गेला. तिथे सिस्टर होत्या, लोक होते, कसलीही पर्वा केली नाही मी. "माझं पोर आत मरतंय, तुम्हाला ठाऊक होतं, आणि यांना रांगेत उभं केलंत? वर घिरट्या घालायला लावलंत? एकदा, फक्त एकदा पुढे काढलं असतंत तर काय आभाळ कोसळलं असतं? काळीज आहे का तुम्हाला?"

हे मला आवरायला लागले. त्या गृहस्थांनी हातानंच त्यांना थांबवलं. त्यांचा आवाज अगदी सरळ होता.

"तुमचा मुलगा आत मरतोय हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. यांना रांगेत उभं केलं, वर घिरट्या घालायला लावल्या. एकदाही पुढे काढलं नाही." आणि माझ्याकडे बघत थांबले. "बरोबर?"

असं कोणी बोललं तर काय करावं माणसानं? मला वाटलं होतं, नियम सांगतील, समजूत घालतील. त्यांनी माझं भांडण जसंच्या तसं माझ्या हातात ठेवलं. मी "बरोबर" म्हणाले आणि मला रडू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदा रडले मी.

तेवढ्यात दार उघडलं. जीव वाचला होता. आम्ही आत धावलो. मागे वळून बघितलं तेव्हा गृहस्थ निघून गेले होते.

रात्री हे म्हणाले, "पाळी सोडून मला पुढे काढलं असतं, नेहमीपेक्षा एक शब्द गोड बोलला असता, तरी मला कळलं असतं काहीतरी झालंय. माझ्या मागे विमानभर माणसं होती गं. उतरवलं असतं का मी नीट? मला नाही सांगता येत." माझा राग पुरता गेला नव्हता, पण तो आता कोणावर काढावा तेच कळेना.

पुढे गळ्यातली नळी काढली, भोक भरलं, मुलगा घरी आला. पण बोलेना. डॉक्टर म्हणत, येईल आवाज, धीर धरा. यायचं चिन्ह दिसेना. मी काही सांगितलं की तो सवयीनं छातीवर हात बांधून ओठ हलवायचा आणि आवाज उमटायचा नाही. मी तरी "बरोबर" म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन पदर डोळ्यांना लावायची. यांची रजा संपली तरी घर मुकंच होतं.

ज्या दिवशी हे पुन्हा कामावर जाणार होते त्याच सकाळी मी कॉटवर बसलेल्या मुलाला म्हटलं, "दूध संपव, मग खाली उतर." त्याचे ओठ हलले आणि फाटका, खरखरीत आवाज आला, "दूध संपवतो, मग खाली उतरतो." यांच्या हातातली बॅग खाली पडली. मला "बरोबर" म्हणता येईना, आणि पोरगं काही खाली उतरेना!

हे निघताना मी बजावलं, "त्यांना सांगा. पहिल्यांदा त्यांना सांगा."

"वायरलेसवर नाही सांगता येत. वर जाऊन सांगेन."

पण सकाळी वर जायला सवड मिळाली नाही. उड्डाणाची परवानगी त्याच आवाजानं दिली, नेहमीसारखी कोरडी, एक शब्द जास्त नाही. यांना ते लागलं. मुलाचा आवाज गेल्याचं विमानतळावर सगळ्यांना ठाऊक होतं. इतकं होऊन या माणसाला विचारावंसंही वाटू नये?

संध्याकाळी हे परतले, पाळीनं उतरले, धावपट्टी सोडली, विमान जागेवर लावलं. पंखे थांबले. वायरलेस बंद करायला यांनी हात पुढे केला, तेव्हा तो आवाज आला. दिवसभर इंग्रजीत बोलणारा आवाज, आणि आता मराठीत, विमानतळावरची सगळी विमानं ऐकत असताना.

"मुलगा बोलतो का?"

"बोलतो," हे म्हणाले. "आज सकाळी बोलला."

पलीकडून नेहमीचं "रॉजर" आलं नाही. यांना वाटलं, नीट पोचलं नसेल. मग आवाज आला, आणि हे सांगतात की तो अजिबात कोरडा नव्हता.

"परत सांगा."