तिसऱ्या पाळीचा शेजार

"भिंतीवर कुणी ठोकलं की आपला आवाज बारीक करायचा, शेजारधर्म शेजारधर्म म्हणतात तो एवढाच," असं चंपा एकदा म्हणाली होती. चाळीत नव्याने लग्न होऊन आलेली एक सून दुपारी रेडिओ मोठ्याने लावायची, तिला समजावताना. रागाने नव्हे, मिठाची बरणी कुठे असते ते सांगावं तसं.

तिचा नवरा राजाराम गिरणीत तिसऱ्या पाळीला होता. रात्रभर कापड विणायच्या साच्यावर उभा राहून सकाळी घरी यायचा, चहा घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचा. मग दार लोटलं जायचं. लालबागच्या त्या चाळीत दिवसा दारं उघडीच असत. लोटलेलं दार म्हणजे आत रात्रीचा माणूस झोपलाय, हे पोरासोरांनाही कळायचं. त्या दारावरून जाताना बाया हातातल्या बांगड्या कोपराकडे सारायच्या. तरीही गलका झालाच, तर झोपलेला माणूस उठून भांडायला येत नसे. पडल्या पडल्याच बोटांच्या पेरांनी भिंतीवर ठोकायचा. पलीकडच्यांना समजायचं. रेडिओ बारीक व्हायचा, पोरं गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला हाकलली जायची. माफी नाही, आभार नाहीत.

गिरणी बंद पडली. राजाराम शिवडीला एका गोदामावर वॉचमन लागला, तोही रात्रीचाच. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले आणि मनोऱ्यांच्या फाटकांवर पुन्हा चाळीतलीच माणसं रात्री जागू लागली. पाळी काही कुणाला सुटली नाही. राजाराम वारल्यावरही चंपा दुपारची दबक्या पावलांनी वावरायची. तेव्हा घरात झोपलेलं कुणी नसायचं.

मुलगी नम्रता शिकली, लिहायला लागली. दादरच्या एका ऑफिसात गुन्हेगारीच्या टीव्ही मालिकेसाठी ती माहिती गोळा करायची. पंचनाम्याला कोण बसतं, हवालदार कुठे उभा राहतो, चाळीत भांडण झालं तर आधी कोण धावतं. ती टिपणं घेऊन दुसरे लोक प्रसंग लिहायचे. चंपा शेजारपाजारी सांगायची, "आमची नमू चोराचिलटांचं बघते टीव्हीवर." बायका विचारायच्या, "पोलिसात आहे का?" चंपा म्हणायची, "त्यांच्या वरची."

भिंतीपलीकडच्या खोलीत सुनंदा राहायची. तिचा नवरा रमाकांत वडाळ्याला रात्रपाळीचा गार्ड होता. चिडका माणूस, पण चाळीत चिडक्या माणसांची काय वानवा होती? एका सकाळी ड्यूटीवरून आला, बायकोशी वाजलं, आणि त्याने वरवंटा उचलला. मग दार नुसतं लोटून निघून गेला. लोटलेलं दार बघून सगळ्यांना वाटलं, रमाकांत झोपलाय. संध्याकाळी मुलगी प्रिती कॉलेजातून आली आणि तिने दार ढकललं. डॉक्टर म्हणाले, बाई दुपारपर्यंत जिवंत होती. कुणी बघितलं असतं तर वाचली असती.

रमाकांत तुरुंगात गेला. प्रिती चिंचपोकळीला मामाकडे राहायला गेली, पण दर रविवारी चंपाकडे जेवायला यायची. आईची मैत्रीण म्हणून मावशी म्हणायची, आणि हळूहळू मावशीवर आईसारखी चिडायलाही लागली. बरेच महिने उलटल्यावर चंपाने त्या दुपारची एक गोष्ट एकाच माणसाला सांगितली होती. तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता.

"नमू, त्या दुपारी भिंतीवर ठोकलं होतं."

नम्रताने हातातला पेला खाली ठेवला.

"मला वाटलं रमाकांतची झोपमोड होत्येय. मी टीव्ही बारीक केला. परत ठोकलं, तर बंदच केला. बाहेर पोरं खेळत होती, त्यांनाही ओरडले. सगळी गॅलरी गप्प केली मी."

त्यानंतर दोघी त्या गोष्टीबद्दल बोलल्या नाहीत. एका खोलीत दोन बायका आणि एक भिंत. कुठेही बसलं तरी भिंत समोर नाहीतर पाठीशी.

आणि मग नम्रताच बोलून बसली.

ऑफिसात एका छोट्या प्रसंगाची आखणी चालली होती. चाळीत खून होतो आणि शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही, एवढाच प्रसंग. दिग्दर्शक शंतनु दादरचा, वयाने तिच्याएवढाच, माणूस वाईट नव्हता. त्याला काहीच पटत नव्हतं. कुणी म्हणालं, बाहेर लग्नाचा बँड वाजतोय. कुणी म्हणालं, मिक्सर चालू आहे.

"चाळीत शिंकलं तरी चौथ्या खोलीतून पाणी घेऊन येतात," शंतनु म्हणाला. "आणि बाई मरत्येय ते ऐकू येत नाही? प्रेक्षक काय येडा आहे का? नम्रता, तू चाळीतली ना? बोल की."

तिला त्या टेबलावर पहिल्यांदाच कुणी असं विचारलं होतं. ती म्हणाली, "ऐकू येतं. पण आमच्याकडे भिंतीवर ठोकलं की आम्ही आवाज कमी करतो. रात्रपाळीवाला झोपलाय असं समजून."

शंतनुने पेनाचं टोपण लावलं. त्याची सहायक ऋग्वेदा, गिरगावातल्या जुन्या घरातली, वकिलांच्या घराण्यातली मुलगी, हळूच म्हणाली, "बाप रे. म्हणजे ती मदत मागत्येय, आणि शेजारीण तिला आणखी शांतता करून देत्येय."

"हा सीन तू लिहायचास," शंतनु नम्रताला म्हणाला. "टायटलमध्ये नाव जाईल. संशोधन म्हणून नाही, लेखन म्हणून."

एवढी वर्षं तिला हेच हवं होतं. पण घरी आल्यावर तिने आधी भिंतीकडे बघितलं. मालिका अख्खी चाळ बघायची. मामाच्या घरी प्रितीही बघायची. सुनंदाच्या खोलीला एका बाजूने जिना होता, दुसऱ्या बाजूने चंपा. शेजारीण कोण, हे कुणाला विचारायला लागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने प्रयत्न करून बघितला. "शेजारीण गावाला गेल्येय असं करू या का? ठोकतेय, पण पलीकडे कुणीच नाही."

"मग सीन कुठे उरला?" शंतनु म्हणाला. "अगं, ती बाई चांगली आहे, हाच तर सीन आहे. तिचा दोष नाही."

"लोकांना दोषच दिसेल."

"कुठल्या लोकांना?"

याचं उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. आणि सांगितलं असतं तर त्यांनी प्रसंग सोडला नसता, उलट आणखी घट्ट धरला असता. तिने या धंद्यात एवढी वर्षं काढली होती, तिला ठाऊक होतं. खरं आहे म्हटलं की ही माणसं पुढे सरकून बसतात. तिने स्वतः किती जणांसमोर असंच पुढे सरकून बसून विचारलं होतं, मग काय झालं?

"आणि मला ती खोली बघायचीय," शंतनु म्हणाला. "सेटवाले भिंती कसल्याही बांधतात. आवाज कसा येतो ते ऐकायचंय. तुझ्याकडेच येऊ, मंगळवारी."

मंगळवार तिला बरा वाटला. प्रिती रविवारची यायची.

सोमवारी संध्याकाळी तिने आईला सांगितलं. "उद्या ऑफिसातली दोन माणसं येतील. खोली बघायला."

चंपा बोंबील साफ करत होती. "खोलीत काय बघायचंय? विकायला काढल्येस?"

"सीन आहे. चाळीतला."

"कसला?"

नम्रताने अर्धंच सांगितलं. चंपाला बाकीचं कळलं. तिने बोंबलाचं डोकं कापून बाजूला ठेवलं, पुढचा बोंबील घेतला.

"तू सांगितलंस त्यांना."

"तुझं नाव नाही सांगितलं, आई. चाळीत करतात, एवढंच बोलले."

"नाव कशाला लागतंय? भिंत एकच आहे."

"मी बदलायला बघतेय."

"प्रिती बघेल ते." चंपाने हात धुतले, पुन्हा धुतले. "मला रोज वाटतं, आज सांगीन. ती येते, ताट घेते, म्हणते मावशी, भात चिकट केलास. मग कसं सांगू?" हात पदराला पुसत तिने विचारलं, "उद्या मी काय करायचं?"

"काही नको करूस. ते पलीकडून ठोकतील. तू नुसती बसून राहा. त्यांना वाटू दे, ही काय म्हातारी, हिला काही कळत नाही. मग मी म्हणेन, बघा, आता कुणी करत नाही तसं."

"बसून राहीन," चंपा म्हणाली.

मंगळवारी ती दोघं आली. ऋग्वेदाने दाराबाहेर चपला काढल्या, भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना नमस्कार केला, चहाला नको म्हणाली आणि मग दोन कप प्यायली. शंतनुने भिंतीला कान लावला, तळहात लावला. पलीकडच्या खोलीत आता यतीन राहायचा. तो परळच्या एका हॉस्पिटलात रात्रपाळीचा वॉर्डबॉय होता. तो नाक्यावर जाताना किल्ली देऊन गेला होता.

"काकू, तुम्ही रोज बसता तशाच बसा," शंतनु म्हणाला. "टीव्ही लावा, चांगला मोठा. मी पलीकडे जातो. ऋग्वेदा, तू मोबाइलवर घे."

"मी काय करू, बाळा?"

"काहीच नाही. तुम्हाला वाटेल ते."

टीव्हीवर कुठल्यातरी सासूचं बोलणं मोठमोठ्याने चाललं होतं. चंपा कॉटवर बसली. दोन्ही हात तिने पदराखाली घेतले. तेवढ्यात दारात प्रिती आली, हातात डबा.

"मामीने जवळ्याची चटणी दिल्येय. हाफ डे होता, म्हटलं देऊन जाते." ऋग्वेदाकडे बघून ती थोडी संकोचली. "पाहुणे आलेत?"

"नमूच्या ऑफिसातल्या," चंपा म्हणाली. तिचा आवाज टीव्हीत बुडाला.

नम्रता उठली. "प्रिती, चल, आपण खाली जाऊ. मला नारळ आणायचाय."

"थांब गं, घामाने नुसती चिकचिक झाल्येय. तोंड तर धुऊ दे." डबा ओट्यावर ठेवून ती मोरीत गेली. नळ सुटला.

नम्रता दाराकडे वळली, पलीकडे जाऊन शंतनुला थांबवायला. तोपर्यंत भिंतीवर ठोकलं गेलं. तो पलीकडे जमिनीवर बसला असावा. आवाज खालून आला, कॉटच्या पायाजवळून. ऋग्वेदाने मोबाइल चंपाच्या तोंडाकडे धरला.

चंपा हलली नाही. टीव्हीतली सासू ओरडत होती. परत ठोकलं. पदराखाली चंपाचे हात एकमेकांना धरून होते. तिसऱ्यांदा ठोकलं, जरा हळू, आणि चंपाने डोळे मिटले. पण ती हलली नाही.

मोरीतला नळ बंद झाला. ओल्या तोंडाने प्रिती बाहेर आली, कॉटवरचा रिमोट उचलून तिने टीव्ही अगदी बारीक केला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "काय मावशी, ऐकू येत नाही का? यतीनदादा झोपलेत वाटतं."

"परफेक्ट," ऋग्वेदा म्हणाली. "तुम्ही न सांगता केलंत. हेच हवं होतं आम्हाला."

"काय केलं मी?"

"आवाज कमी केलात. सीन आहे ना आमचा, त्यात..."

"ऋग्वेदा," नम्रता म्हणाली.

पण ऋग्वेदा कामाच्या आनंदात होती. "त्यात पलीकडची बाई मदतीसाठी भिंतीवर ठोकत असते. नवऱ्याने मारलेलं असतं तिला. आणि शेजारणीला वाटतं, कुणीतरी झोपलंय, म्हणून ती टीव्ही बारीक करते. नम्रतानेच सुचवलं."

प्रितीच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं, ते तिने पुसलं नाही. तिने हातातल्या रिमोटकडे बघितलं. मग भिंतीकडे, खाली, जिथून आवाज आला होता तिथे. पलीकडून शंतनुचं विचारणं ऐकू आलं, "मिळालं का गं?"

"मावशी," प्रिती म्हणाली. "तू त्या दिवशी घरातच होतीस ना?"

नम्रताला बोलायचं होतं. हे तूही केलंस, आत्ता, तुझ्या ओल्या हातांनी, कुणीही केलं असतं, असं काहीतरी. पण असलं वाक्य तिने ऑफिसात ऐकलं होतं, शंतनुच्या तोंडून, आणि ते तिच्या तोंडात येईना.

"सांग ना," प्रिती म्हणाली. आवाज अजून दबकाच होता, पलीकडे कुणी झोपल्यासारखा. "तुला ऐकू आलं होतं?"

चंपाने डोळे उघडले. पदराखालचे हात बाहेर काढून तिने कॉटच्या कडेवर टेकवले आणि गुडघ्यांवर भार देत उठली. ऋग्वेदाने मोबाइल खाली केला. चंपा प्रितीसमोर क्षणभर उभी राहिली, इतक्या जवळ की वाटलं, आता तिचं ओलं तोंड पुसेल. तिने पुसलं नाही. बाजूने वाट काढून ती उंबरठ्यापाशी गेली, तिथल्या चपला पायाने सरकवल्या आणि अनवाणीच गॅलरीत, पलीकडच्या दाराकडे निघून गेली.