पेटीवरचं उपरणं

मळणी यंत्रावर सोयाबीन करताना सगळ्यांचं ध्यान दाण्यावर असतं. पोतं भरलं का, तोंड शिवलं का. भुश्याकडं कुणी बघत नाही, आणि सांजंला बघावं तर दाण्यापेक्षा भुश्याचा ढीग मोठा. आमच्या भजनी मंडळाचं तसंच झालंय. भजन किती झालं ते देवाला ठाऊक, किस्से मात्र ढिगानं साचले. मी शाळा शिकलेला माणूस नाही. दुसरीत मास्तरानं कान पिळला, मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो, तो परत गेलो नाही. त्यामुळं सजवून सांगता येत नाही. झालं तसं सांगतो.

आमचं गाव तेरच्या अलीकडं, तेरणेच्या काठाला. मला सगळे आबा म्हणतात. मारुतीच्या देवळात दर एकादशीला भजन, आणि वर्षातून एकदा सप्ताह. मंडळात पंधरा-वीस टाळकी, आणि आजवर एकाबी गोष्टीवर एकमत झालेलं नाही. चहात साखर किती टाकायची यावरून दोघांनी वर्षभर एकमेकांशी बोलणं सोडलं होतं.

एक रिवाज मात्र सगळे पाळतात. भजन पुढं नेणारा गडी पेटीच्या शेजारी मोहरं बसतो. बाकीचे मागं बसून त्याची ओळ उचलून धरतात, त्याला झील ओढणं म्हणतात. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या भैरवीत एक ओळ लई वर जाते. त्या ओळीला मोहरच्याचा आवाज फुटला, तर त्यानं आपणहून उठायचं आणि मागं जाऊन बसायचं. कायमचं. ऊठ असं कुणी म्हणत नाही. म्हणायची गरजच पडत नाही, गावानं ऐकलेलं असतं.

मी सत्तरी ओलांडली. अजून मोहरंच बसतो. कसा, ते शेवटाला येईल.

*

मला गाणं शिकवलं म्हादूबुवांनी. त्यांना जाऊन लई दिवस झाले. माणूस माझ्यापेक्षा तिरसट होता, यावरून काय ते समजा.

पोरवयात माझा आवाज म्हणजे वाऱ्यात वाजणारा पत्रा. बुवांनी त्यांच्या अंगणातला रिकामा रांजण दाखवला. म्हणाले, "ह्यात मुंडकं घाल आन सा लाव. खरा लागला तर रांजण उलटा बोलंल."

रोज पहाटं मी रांजणात मुंडकं घालायचो. आई शेजारणीला सांगायची, "पोराला काय झालंय कळंना बाई, कोरड्या रांजणासंगं बोलतंय." पुष्कळ दिवस रांजण मुका. मग एका सकाळी तो घुमला. असा घुमला की माझ्याच दातात सूर वाजला. मी पळत घरात जाऊन बुवांना ओढून आणलं. पुन्हा सा लावला, पुन्हा घुमला.

बुवांनी रांजणावर टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "रांजण झ्याक हाय. तुझं बगू अजून."

*

माझ्या आधी मोहरं बसायचे बप्पा. माझ्याहून वयानं मोठे. आवाज खणखणीत, पण औषधांचा नाद. कुणी ज्येष्ठमध सांगितलं की चघळायचे, कुणी अडुळसा सांगितला की प्यायचे. एका वर्षी कुणीतरी शहाण्यानं सांगितलं, काल्याच्या सकाळी वाटीभर कोमट तूप प्यायचं, गळा वंगण घातल्यासारखा फिरतो. बप्पा दोन वाट्या प्याले.

भैरवी लागली. वरची ओळ आली. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरचं चाक कसं जागच्या जागी फिरतं, तसा बप्पांचा आवाज फिरला, आणि फुटला.

बप्पांनी टाळ खाली ठेवले आणि उठले. त्यांच्या मागच्या रांगेत मी पहिला होतो. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बस आबा. जागा गरम हाय. पर लई टेकून बसू नगंस."

बोलले हसत. पण तेव्हापासून बघतोय, भैरवीला सगळे डोळे मिटतात, मागं बसलेले बप्पा तेवढे मिटत नाहीत.

*

आमच्या भागात गाणाऱ्याची इज्जत त्याच्या पट्टीवर. पट्टी म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरावरून गायचं ते. जेवढी वरची पट्टी तेवढी मान ताठ. माझी काळी दोन, तरणा होतो तेव्हापासून. बसलो की मी मोठ्यानं सांगतो, "काळी दोन." मग दिगू पेटीवाला सूर देतो. दिगू धंद्यानं शिंपी, पण पेटीवर बोटं अशी चालतात की मशीन झक मारेल.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. पट्टी खाली उतरवायची तर पेटीवाल्याला काहीच नाही, बोटं सरकवली की झालं. पण पखवाज त्या सुराला आणायला बसून ठोकावा लागतो, आणि मागं गाणाऱ्या साऱ्यांना कळतं. म्हणजे चोरून काही होत नाही.

एकदा नळदुर्गाकडच्या एका गावात भजनाला गेलो होतो. तिथला गवई मला म्हणाला, "काळी दोन का? आमी काळी चारच्या खाली पाय ठेवत न्हाय."

आणि लावली की त्यानं. डोळे बाहेर, मानेच्या शिरा कासऱ्याएवढ्या. तो वरच्या सुराला गेला तशी बायकांत बसलेली एक म्हातारी कावली, "अगं कुणाचं लेकरू कवाधरनं रडतंय, घ्या की त्येला."

पुढचं भजन त्यानं काळी एकला घेतलं.

*

मग माझ्या आवाजाला लागलं. एका हंगामात मळणीचा भुसा छातीत गेला, खोकला धरला तो सुटेना. वरच्या सुराला गेलं की गळ्यात खिळा टोचायचा. एकादशीला मी वरची ओळ अर्ध्यात सोडायला लागलो. मागं बसलेले बप्पा लगेच उचलायचे. लई लगेच.

धाराशिवला डॉक्टरकडं गेलो. त्यानं नाकातनं नळी घालून आतलं बघितलं. म्हणाला, "बाबा, स्वरयंत्राला सूज आहे. महिनाभर गाणं बंद, बोलणंसुद्धा बंद."

माझी बायको कौसा शेजारी बसली होती. ती म्हणाली, "म्हयनाच का, डॉक्टरसायेब? तुमी लिवून द्या की सहा म्हयन्याचं."

तो महिना मी गप्प काढला. त्या महिन्यात आमचं एकदाबी भांडण झालं नाही, हे कौसानं गावभर सांगितलं. झालं कसं नाही? रोज झालं. सगळी तीच जिंकली.

*

सूज उतरली, आवाज मात्र वर जाईना. दिवाळीला नात आली. रुपाली तिचं नाव, धाराशिवला कॉलेज करते आणि गाणं शिकते. तिनं माझं भजन मोबाईलवर धरलं आणि मला न सांगता लावलं.

मी म्हणालो, "कोण म्हातारा हाय ह्यो? बकरी अडकल्यावानी वरडतोय. ह्येला मागं बसवा आदी."

पोरीनं मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला. पडद्यावर माझंच थोबाड.

त्या दिवशी मी भाकरी कमी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला म्हणालो, "बोल. काय करायचं?"

"आबा, तुम्ही गळा दाबून गाता."

"मग काय गुडघ्यानं गाऊ?"

"पोटानं गा," ती म्हणाली. "आणि वरचा सूर ओढून आणू नका. त्याला येऊ द्या."

मी म्हणालो, सूर काय पाव्हणा हाय का, येऊ द्या म्हणायला. पण शिकायचं ठरवल्यावर मी लाजत नाही.

*

तिनं पहिला धडा दिला, ओठ सैल सोडून फुर्रर्र करायचं आणि त्या फुर्रर्रवरच सा रे ग म चढायचं. गळा मोकळा होतो म्हणे. चालता-बोलता करा, म्हणाली.

मी गाडी जुंपून शेतात कडबा भरत होतो. म्हणजे कौसा खालनं पेंढ्या देत होती आणि मी वर बसून रचत होतो. म्हटलं हात मोकळे नाहीत, तोंड मोकळं आहे. लावला फुर्रर्र.

आता आमच्या बैलांना लहानपणापासून फुर्रर्र केलं की चालायची सवय. ते निघाले. मी खालच्या 'रे'वर होतो तवर चालत होते, वरच्या 'सा'ला पोचलो तशी पळायला लागले. गळा असा मोकळा सुटला होता की मला थांबवेना. कौसा मागं हातात पेंढी घेऊन उभी.

ओढ्यापाशी गाडी थांबली. कौसा चालत आली, पेंढी गाडीत टाकली आणि म्हणाली, "गाणं सुदारलंय. बैलं कवा न्हाय ती पळाली."

दुसरा धडा पाण्याच्या गिलासात नळी घालून त्यात सूर लावायचा. तेरला बसस्टँडवरच्या हॉटेलात एसटीची वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात करून घेतलं. गिलासात बुडबुडे, नळीतनं घुंगाट. हॉटेलवाल्यानं लांबनं बघितलं, जवळ आला, गिलासाला बोट लावलं आणि म्हणाला, "आबा, गारच हाय की. फुकताय कशाला?"

पण खरं सांगतो, फरक पडला. गळ्यातला खिळा गेला. मी आयुष्यभर वरच्या सुराला खांदा लावून ढकलत होतो, जसा बंद पडलेला टेम्पो ढकलतात. आता कळलं, तो बारीक सोडला तर आपल्या पायानं वर जातो. या वयात कळलं. कळलं ते कळलं. एका सकाळी कुणी नाही बघून मी म्हादूबुवांच्या अंगणात गेलो. रांजण अजून तिथंच आहे, त्यात आता त्यांची सून सरपण ठेवते. सरपण काढलं, मुंडकं घातलं, सा लावला.

घुमला.

बुवांची सून दारात आली. म्हणाली, "आबा, जळण पायजे व्हतं तर मागायचं की."

*

आता यंदाचा सप्ताह. काल्याचा दिवस. देऊळ गच्च, बाहेर मांडवातबी माणसं. गावात आठवडाभर एकच बोलणं, आबा आज उठतो का बसतो. पारावर बसणारी तर मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायची. मी कुणाकडं बघितलं नाही. जागेवर जाऊन बसलो.

बघतो तर दिगूच्या पेटीवर उपरणं. बोटं झाकून, सगळ्या पट्ट्यांवरनं.

"हे काय रं दिगू?"

"धूळ लई उडाय लागलीय आबा. सुरात शिरती."

बाजूला पखवाज घेऊन बप्पांचा थोरला बसला होता. तोच वाजवतो. त्याच्याजवळ बप्पा स्वतः मांडी घालून बसले होते, हातात हातोडी, पखवाज ठोकत होते. बप्पांनी पखवाजाला हात लावलेला मी जन्मात बघितला नव्हता.

"आज लई ठोकाठोक चाललीय बप्पा?"

"हवा दमट हाय," बप्पा म्हणाले. ऊन तर असं होतं की देवळाचा पत्रा तडतडत होता.

रुपाली बायकांत बसली होती. तिच्याकडं बघितलं, तर ती कौसाच्या पदराला गाठ मारत होती. कौसा वर मारुतीकडं बघत होती. मागच्या रांगेत सगळे आपापल्या टाळांच्या दोऱ्या बघत होते. चहाच्या साखरेवरून भांडलेले दोघे मांडीला मांडी लावून बसले होते.

मी मोठ्यानं म्हणालो, "काळी दोन."

दिगूनं उपरण्याखाली सूर धरला.

भैरवी लागली. मी पोटात श्वास भरला, खांदे सोडले. खालच्या ओळी निवांत गेल्या. वरची ओळ आली तेव्हा मी तिला ढकललं नाही. रांजणाचं तोंड डोळ्यापुढं आणलं आणि सूर बारीक सोडून दिला. तो गेला वर. काचेवरनं पाण्याचा थेंब जावा तसा गेला, फक्त उलटा. वर जाऊन थांबला आणि मी त्याला तिथंच धरून ठेवला. खिळा नाही, खरखर नाही. मागनं झील आली ती अशी एकजीव आली, की मला क्षणभर वाटलं देऊळच रांजण झालंय. आमचं मंडळ आजवर असं एका तोंडानं कधी गायलेलं नाही.

कुणी उठलं नाही. मी तर नाहीच नाही.

काला वाटून झाला, लोक पांगले. दिगू पेटी उचलायला वाकला. मी उपरण्याच्या टोकावर हात ठेवला.

"दिगू, खरं सांग. कंची पट्टी व्हती?"

दिगूनं बप्पांकडं बघितलं. बप्पांनी हातोडी थोरल्याच्या पिशवीत टाकली, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बस आबा," बप्पा म्हणाले. "जागा गरम हाय."