महुआटोल्याचं वाण

शालूवहिनी गेल्याची बातमी मला भाजीवाल्याने दिली. मी तिची सख्खी नणंद, जबलपुरातच विजय नगरला राहणारी. पण दादाचा फोन येण्याआधीच, गेटवर मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते तेव्हा भाजीवाला तराजू खाली ठेवून म्हणाला, "दीदी, विधायकजी नहीं रहीं... आपको मालूम नहीं?" मी जुडी हातात धरून तशीच उभी राहिले. आणि खरं सांगते, रडू येण्याआधी मला तिचा राग आला. म्हटलं, बघ बाई, जातानाही आधी गावाला सांगितलंस आणि घरच्यांना मागून! चेरीतालच्या घरी पोचले तर गल्ली माणसांनी भरून गेली होती. दारापुढच्या उघड्या नालीवर एक डुगडुगणारी फरशी आहे, ती प्रत्येक पावलाला खडखड वाजत होती आणि आत दादा खुर्चीत बसून प्रत्येक आवाजाला दाराकडे बघत होता. त्या फरशीवरून माझं आणि वहिनीचं जुनं भांडण आहे, ते सांगेनच. आधी वहिनीबद्दल सांगते.

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो... घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. वहिनी आली ती अमरावतीकडून. पाचवारीचा पदर खोचलेला, आवाज खणखणीत आणि हिंदी अशी की दूधवालासुद्धा तोंड फिरवून हसायचा. तिला एक खोड होती, लोकांच्या भांडणात पडण्याची. आई म्हणायची, "अगं, दुसऱ्याच्या भांडणात आपण जाऊ नये." ही जायचीच, आणि थोड्या वेळाने दोन्ही बाजू आमच्या ओसरीवर बसून दादाच्या हातचा चहा प्यायच्या. याच खोडीवर ती निवडून आली असं माझं ठाम मत आहे, पक्षवाले काहीही म्हणोत. नागपूरचे नातेवाईक तिला 'आमदारीणबाई' म्हणून चिडवायचे, जबलपूर तिला 'विधायकजी' म्हणायचं. ती दोन्ही हाकांना ओ द्यायची.

कुंडमच्या वाटेवरची बरीच गावं तिच्या मतदारसंघात होती. प्रचारात एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. सभेला पुरुष पुढे बसत आणि बाया कवाडाआडून बघत. निवडून आल्यावर पहिलीच संक्रांत आली तशी ती मला म्हणाली, "वन्सं, सभेले बाया येत नाहीत न? हळदीकुंकवाले येतील. चाला." मी म्हटलं, "वहिनी, त्यांना हळदीकुंकू माहीत तरी आहे का?" "नसलं तर होईल माहीत. काहून घाबरता?" झालं! मी तेव्हा शाळेत शिकवत होते, ती माझी सुट्टी तिने परस्पर वाटून टाकली. जीपमध्ये तिळाचे लाडू, करंडा, आईची चांदीची गुलाबदाणी आणि वाणाला द्यायच्या स्टीलच्या वाट्यांचं पोतं. जायचं होतं महुआटोल्याला. त्या वस्तीच्या अलीकडे एक नाला आडवा येतो. तिथे जीप थांबली आणि आम्ही साड्या वर धरून, डोक्यावर डबे घेऊन थंडगार पाण्यातून पलीकडे गेलो. मी कुरकुरत होते आणि ती चक्क हसत होती.

महुआटोल्याच्या बाया आधी लाजल्या. वहिनीने गुलाबदाणी उचलून पहिलीच्या तोंडावर गुलाबपाणी शिंपडलं, ती दचकून मागे सरली, आणि मग असा काही हशा पिकला की आडोशाला उभ्या असलेल्याही धावत पुढे आल्या. कोण सवाष्ण, कोण नाही, हे वहिनीने कुणालाच विचारलं नाही. समोर येईल त्या कपाळाला बोट टेकवत गेली. मी मनात म्हटलं, हे आईला घरी सांगायचं नाही. मग वाटी हातात घेऊन तिने मोठ्या थाटात आपल्या त्या हिंदीत सांगितलं की आमच्यात आज बाईने बाईला भेट द्यायची असते आणि घेणारीने नाही म्हणायचं नसतं. "बोलो बाई, क्या भेंट दूँ?" हे आपलं म्हणायचं म्हणून. वाटी तर पुढे केलेलीच होती. पण समोर होती सुमरतीबाई. सावळी, ताठ, वहिनीच्याच वयाची. ती वाटीकडे बघून म्हणाली, "कटोरी तो घर में है, बाई। नाले पे पुलिया नहीं है। देना है तो पुलिया दे दो।" आणि मग, तितक्याच सरळ आवाजात, तिने गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगितली. सून अडली होती, नाल्याला पूर होता, खाटेवर घालून काठापर्यंत आणली आणि पाणी उतरायची वाट बघत बसले. सून वाचली, बाळ गेलं.

मला वाटलं, वहिनी आता पुढाऱ्यांसारखं 'बघू, करू' म्हणेल. तिने हातातली वाटी परत पोत्यात टाकली. ज्या दोघीतिघींना आधीच दिल्या होत्या त्यांच्याही हातातून हसत हसत काढून घेतल्या! "कटोरी नहीं," ती म्हणाली, "अब पुलिया ही दूँगी। तब तक ये मेरे पास।" वाण द्यायला गेलेलं जगातलं बहुधा पहिलं माणूस, जे वाण परत घेऊन आलं.

आई हादरलीच. "संक्रांतीचं वाण परत आणलंस? कुणी असं करतं का?" वहिनी म्हणाली, "आई, देईन न मी. पण जे मागितलं तेच देईन." पोतं जिन्याखाली गेलं. घरात पाहुणे आले, वाट्या कमी पडल्या, की आई हळूच जिन्याकडे वळायची आणि वहिनी स्वयंपाकघरातून न बघता ओरडायची, "त्या महुआटोल्याच्या आहेत!" पुढच्या संक्रांतीलाही पूल झाला नव्हता, तर हिने घरचं हळदीकुंकूच केलं नाही. म्हणाली, एक वाण अडलं असताना दुसरं कशाला वाटू? आईने फणफणत एकटीने केलं. आम्ही तिला खूप चिडवायचो, पण ती या बाबतीत थट्टेला भीक घालत नव्हती. शब्द दिला होता, आणि दर पावसाळ्यात त्या नाल्याच्या काठावर आणखी कुणी खाटेवर असू शकतं, हे ती विसरत नव्हती.

अडचण होती बांधकाम खात्यातल्या मोठ्या साहेबांची. त्यांचं एकच पालुपद, "मैडम, उस नाले में घुटने भर पानी रहता है।" ते उन्हाळ्यात पाहून आले होते. आता माझ्या वहिनीचं डोकं बघा. तिने साहेबांशी वाद घातला नाही. ती साहेबांच्या बायकोकडे गेली, तिला कुंकू लावलं आणि श्रावणातल्या शुक्रवारच्या हळदीकुंकवाचं रीतसर आवतण दिलं. कुठे, तर महुआटोल्याला. आणि साहेबांनी सोबत यायलाच हवं! गेलो आम्ही. साहेब, त्यांची हौसेने रेशमी साडी नेसून आलेली बायको, मी, वहिनी आणि मांडीवर करंडा. नाल्यापाशी पोचलो तर तो नाला नव्हताच. लालभडक पाणी दोन्ही काठ भरून धावत होतं, झाडाची खोडं गरगरत जात होती आणि पलीकडच्या काठावर महुआटोल्याच्या बाया नटूनथटून उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे सुमरती. वहिनीने करंडा उंच धरला आणि जीव खाऊन ओरडली, "सुमरतीऽऽ! टीका कैसे लगाऊँ?" तिकडून काय उत्तर आलं ते पाण्याच्या आवाजात कळलं नाही, नुसते हात हललेले दिसले. साहेबांच्या बायकोने पाण्याकडे पाहिलं, त्या हातांकडे पाहिलं, आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आप तो कहते थे, घुटने भर है।"

बस्स, तेवढंच! पाणी ओसरताच मोजमापवाले नाल्यावर हजर झाले. मग कागद भोपाळला जाऊन अडले, तर ही भोपाळला गेली आणि विधानसभेत उभी राहून म्हणाली की माझं संक्रांतीचं वाण सरकारने अडवून ठेवलं आहे. सभागृह हसलं. तिने हसू दिलं. हसणं संपल्यावर सुमरतीच्या सुनेची गोष्ट सांगितली. मग कुणी हसलं नाही. हे मला तिने सांगितलं नाही, दादाने सांगितलं. तो गॅलरीत बसला होता.

पूल झाला! उद्घाटनाला मोठी माणसं आली, हार आले, फीत आली, भाषणं झाली. वहिनी जिन्याखालचं पोतं घेऊन आली. मंत्र्यांवर, साहेबांवर, जीपच्या ड्रायव्हरवर, सगळ्यांवर तिने गुलाबपाणी उडवलं. कोणी चष्मा पुसत होतं, कोणी शिंकत होतं. मग पुलाच्या मधोमध उभी राहून तिने एकेकीच्या हातात वाटी दिली. सुमरतीने वाटी घेतली, पदराने पुसली आणि म्हणाली, "अब तो रास्ता हो गया। एक दिन भर के लाऊँगी।" त्या दिवशी परत येताना वहिनी जीपमध्ये गात होती. अतिशय बेसूर. मीही गायले.

मग तो पायंडाच पडला. दर संक्रांतीला एक गाव, एक वाण. कुठे हँडपंप, कुठे मुलींच्या शाळेची भिंत, कुठे दवाखान्यात नर्स, कुठे जाती-येती बस. काही झालं, काही नाही झालं. न झालेल्यांचे टोमणे ती निमूट ऐकून घ्यायची. आणि आमच्या दारापुढची नाली मात्र उघडी ती उघडीच, त्यावर ती एका कोपऱ्यातून डुगडुगणारी फरशी. मी किती वेळा भांडले! "अगं, विधायकाच्या दारात लोक पडून हातपाय मोडतील." ती म्हणायची, "वन्सं, वाढणारी शेवटी जेवते न." मी म्हणायची, "आणि तोवर पातेलं रिकामं झालं तर?" "तर होईल रिकामं. घरचंच माणूस आहे, समजून घेते." पद गेलं, वय झालं, गुडघे गेले, पण फरशी बदलली नाही. कुणी नगर निगमचा, म्हणजे पालिकेचा, माणूस स्वतःहून आला तर त्याला ती गल्लीच्या त्या टोकाचं तुंबलेलं गटार दाखवायला घेऊन जायची. घाईत चालणारी बाई, नेमका तोच कोपरा दाबायची... खडाक्! आणि आतून दादा विचारायचा, "आली का गं?" "आली." इतक्या वर्षांचा संसार, त्यातला सगळ्यात जास्त वेळा झालेला संवाद हाच असेल.

यंदाची संक्रांत वहिनी गेल्यानंतरची पहिली. घरात सण नाही, तीळ नाही. मी दादासोबत नुसती बसले होते. दुपारी गल्लीत ट्रॅक्टर आल्याचा आवाज झाला आणि फरशी वाजायला लागली. खडक, खडक, खडक... एकामागून एक बाया आत येत होत्या. महुआटोल्याच्या! सुमरती आता पार म्हातारी झाली आहे, एका मुलीने तिला धरलं होतं. नात का, मी विचारलं. सुमरती म्हणाली, "पुलिया के बाद वाली है।" मला कळायला वेळ लागला. पूल झाल्यावर, त्या पुलावरून दवाखान्यात नेलेल्या सुनेची ती लेक. सुमरतीने पदराआडून एक वाटी काढली. तीच. काठाला जरा चेपलेली, तिळगुळाने शिगोशीग भरलेली. माझ्या हातात ठेवून म्हणाली, "बाई हर साल पूछती थीं, क्या भेंट दूँ। आज हम पूछते हैं। बोलो दीदी, क्या चाहिए?" आणि ट्रॅक्टरपाशी उभ्या पुरुषांकडे तिने हात केला. त्यांत तिचा मुलगा होता, गवंडीकाम करणारा.

माझ्या तोंडावर आलंच होतं! फरशी! जन्मभराचं माझं भांडण, आणि मिटवणारे हात दारात उभे. मी 'वो पत्थर' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागे राहिलेली एक बाई घाईघाईने आली आणि तिचा पाय नेमका त्या कोपऱ्यावर पडला. खडाक्! आतल्या खोलीतून दादाचा आवाज आला, "आली का गं?"

लगेच दादाच्याही लक्षात आलं असावं. थोड्या वेळाने तो बाहेर आला. हळदीकुंकवाच्या दिवशी आयुष्यभर माडीवर जाऊन बसणारा माझा दादा, हातात ती गुलाबदाणी घेऊन आला आणि त्याने प्रत्येकीवर पाणी शिंपडलं. गुलाबपाणी नव्हतंच घरात, त्याने नळाचं भरलं होतं. पण गुलाबदाणीत वास होता. "कुछ नहीं चाहिए," मी सुमरतीला म्हटलं. "बस, आते रहना।"

फरशी अजून तशीच आहे. नगर निगमवाल्यांनी विचारलं, मी म्हटलं, आधी त्या टोकाचं गटार बघा. रोज संध्याकाळी मी विजय नगरहून दादाकडे जाते आणि आत शिरताना मुद्दाम तो कोपरा दाबते. तो आतून विचारतो. कोण आलंय हे त्याला ठाऊक असतं आणि तो कुणाला विचारतोय हे मला.

मी म्हणते, "आली."