आजोबांचा सात
संडासात ओतायच्या ॲसिडचा वास आला की मला ती शेड आठवते. बेंगळुरात दगडांचा सर्व्हे करणाऱ्या एका सरकारी ऑफिसात मी झाडलोट करायची. ते खातं नवीन होतं तेव्हा माझे आजोबा तिथे खलाशी, म्हणजे साहेबांबरोबर फिरणारे मजूर, होते. साहेबांच्या बैलगाडीमागे चालत ते डोंगरांतून दगड गोळा करायचे, प्रत्येकावर पांढरा ठिपका देऊन काळ्या रंगाने नंबर घालायचे, आणि साहेब वहीत त्याच नंबरापुढे दगडाचं ठिकाण लिहायचे. खात्याचे जुने दिवस दाखवायला प्रदर्शन ठरलं तेव्हा ते दगड शेडमधून बाहेर निघाले. त्यांच्यावर कोळ्यांची जाळी होती, उंदरांच्या लेंड्या होत्या. ती घाण मी हाताने काढली, तिची किळस आली नाही. एका दगडावर आजोबांचा सात होता, पोटात आडवी रेघ मारलेला. नवे साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "अक्का, ॲसिड टाका, तारेच्या ब्रशने घासा. सगळं चकचकीत पाहिजे." मी हळूच म्हटलं, "सर, नंबर जाईल." ते हसले, "दगडांची काय हजेरी घ्यायचीय?" मी तारेचा ब्रश ॲसिडात बुडवला आणि घासायला लागले. प्रदर्शनात एका बाईंनी तोच दगड कुठला म्हणून विचारलं, तर साहेबांनी तोंडाला येईल ते गाव ठोकून दिलं. अजून त्या माणसाची किळस येते, पण माझ्या हाताची जास्त येते, कारण तो सात एका घासण्यात गेला नव्हता. मी ब्रश परत ॲसिडात बुडवला होता.