मामेसासऱ्यांची बाफळी

माझ्या मामेसासऱ्यांच्या मते मनुष्यजातीचा उद्धार एकाच वनस्पतीवर सोपवलेला होता, आणि ती म्हणजे बाफळी. राजूरच्या कड्यांत पावसाळ्यात ती छत्रीसारखा फुलोरा उघडी, मग चपटे बी धरी आणि उन्हाळ्यात पार नाहीशी होऊन पुन्हा त्याच मुळातून उगवे. ते बी पोटदुखीवर चालते, एवढे गावाला ठाऊक होते. मामांनी त्याचे राज्य वाढवत नेऊन सर्दी, निद्रानाश आणि भावकीतील वैमनस्य यांनाही त्याखाली आणले होते. बाजारात ओळखीचा मनुष्य दिसला की त्याच्या तळहातावर ते चिमूटभर पूड ठेवीत आणि ती गिळेपर्यंत त्याचा दुसरा हात सोडत नसत. एसटीचा कंडक्टर तर त्यांना पाहताच "मामा, घेतली सकाळीच" असे सांगून घंटी ओढी. बी वेचायला त्यांच्याबरोबर कड्यावर जाई ती फक्त त्यांची एकुलती एक मुलगी.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी तिला पाहायला शेवगावची मंडळी आली. आधीचे स्थळ मामांच्या काढ्याचा पेला पाहूनच उठले होते. मामींनी मला एकीकडे बोलावले. "जावईबापू, त्यांची पुडी तुमच्या खिशात ठिवा. ह्येबी स्थळ गेलं तर पोरीला तोंड काय दाखवू?" मामांनी पुडी इतक्या सहजपणे दिली, की माझ्यासारख्या भिडस्त मनुष्यालाही संशय यायला हवा होता.

चहाच्या पहिल्या घोटाबरोबर मुलाच्या वडिलांची मुद्रा गंभीर झाली.

"काय घातलंय ह्यात?"

"बाफळी," मामा शांतपणे म्हणाले. "पुडी जावयाकडं हाय, पर डबा चुलीपाशी हुता."

मामी दाराआड थिजल्या. एवढ्यात त्या गृहस्थांना असा प्रदीर्घ, खणखणीत ढेकर आला, की ओसरीवरच्या कोंबड्या अंगणात पळाल्या.

"सकाळधरनं एस्टीत पोट धरून बसलो हुतो," ते म्हणाले. मग मुलाकडे पाहिले. तो लाजून हसला. "पोरगी पसंत हाय. संगं डबाबी द्या."

हशा उसळला. मामी पदराने डोळे पुशीत हसत होत्या. मामांनी मात्र हळूच विचारले, "तुमच्याकडं डोंगर कुठवर हाय?"

"डोंगर कुठला? सपाट रान सगळं. हितनं पोचायला दीस जातो."

"व्हय," मामा म्हणाले.

मंडळी गेल्यावर मुलगी कपबश्या घेऊन न्हाणीशी बसली. जन्मात कधी भांडे न विसळलेले मामा तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि एकेक कप फार सावकाश धुऊ लागले.

"ठिवा आबा, मी करते."

"आसू दे गं," ते म्हणाले.

मग तीही हळूहळू धुऊ लागली.