स्वयंपाकघरातला पंखा

गेल्या एप्रिलमध्ये बायको लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेली आणि कर्वेनगरच्या घरात मी दोन महिने एकटा राहिलो. डबा लावणार नाही, असं मीच ठणकावून सांगितलं होतं. "रिटायर झालोय, वेळच वेळ आहे. चार पोळ्या आणि एक भाजी. त्यात काय एवढं?" ती बॅग भरत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा साड्यांच्या घड्या घालायला लागली.

आमचं घर शेवटच्या मजल्यावर, वर थेट गच्ची. स्वयंपाकघर पश्चिमेला. हॉलमध्ये दोन पंखे, प्रत्येक बेडरूममध्ये एक, स्वयंपाकघरात एकही नाही. छताला हूकसुद्धा नाही. बिल्डरनं ठेवला नाही आणि ताबा घेताना मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पोळ्या करायला उभा राहिलो. दिवसभर तापलेला स्लॅब डोक्यावर, खिडकीतून तिरपं ऊन, समोर तवा. तिसऱ्या पोळीला नाकाच्या शेंड्यावरून घाम थेट कणकेत पडला. पाचव्या पोळीला डोळ्यांपुढे अंधारी आली. कसाबसा गॅस बंद केला आणि खाली बसलो. फरशीही कोमट होती.

बसल्या बसल्या आधी बिल्डरला शिव्या घातल्या. मग गच्चीला पांढरा रंग लावायचा की नाही यावर नुसत्या मीटिंगा घेणाऱ्या सोसायटीला. मग बायकोला फोन लावला.

"अगं, स्वयंपाकघरात फार उकडतं."

"हो का?" ती म्हणाली. "बाळ उठलंय. ठेवते."

मला संताप आला. इथे मी चक्कर येऊन बसलोय आणि हिला त्याचं काहीच नाही! मी न जेवताच झोपलो.

दुसऱ्या दिवशी तडक शनिवार पेठेत गेलो. तिथे विजेच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे. काउंटरवर माझ्याच वयाचे मालक बसले होते. मी म्हटलं, "गरम खोलीसाठी पंखा हवाय. जोरदार. दुकानातला सगळ्यात जोरदार दाखवा."

"खोली केवढी? हॉल आहे का?"

"स्वयंपाकघर."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग जोरदार कशाला? एक छोटा एक्झॉस्ट लावा, फोडणीचा वास बाहेर जाईल. बास झालं."

"वासाचं नाही हो. माणूस उभं राहू शकत नाही तिथे."

"पंख्यानं गॅस विझतो. पोळ्या वातड होतात. शिवाय तास-दीड तासाचंच तर काम. बायकांना सवय असते."

मी तिथेच थिजलो. हे वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझा. त्या वेळी आमचं लग्न होऊन दोनेक वर्षं झाली असतील. एका मे महिन्यात बायकोनं हॉलमधला टेबलफॅन उचलून स्वयंपाकघरात स्टुलावर ठेवला होता. तेव्हा माझे वडील आमच्याकडे राहायला आले होते. ते म्हणाले, "इथला पंखा कुठे गेला?" मी आत गेलो, तिच्यासमोर प्लग काढला आणि पंखा उचलून बाहेर आणला. वर म्हणालो, "गॅस विझेल. आणि तुम्हा बायकांना सवय असते." तिच्या हातात लाटणं होतं. त्यानंतर तिनं पंख्याचा विषय कधी काढला नाही आणि मी समजून चाललो की विषयच मिटला.

"सवय कसली?" मी दुकानात ओरडलो. "तुम्ही कधी उभे राहिलायत मे महिन्यात तव्यासमोर? पाच पोळ्या! पाच पोळ्यांत मी खाली बसलो! आणि या बायका रोज वीस-वीस लाटतात, वर ऑफिसला जातात!"

मालक शांतपणे म्हणाले, "माझ्यावर कशाला ओरडताय? तुमच्या घरचा पंखा काय मी काढला?"

त्यांनी ते सहज म्हटलं होतं. मला ते नेमकं लागलं. स्टूल पुढे ओढून मी बसलो. त्यांनी पाणी दिलं. नंतर मात्र त्यांनी मन लावून समजावलं. वर छताला पंखा लावू नका, स्लॅबची गरम हवाच तो खाली फेकेल. खिडकीच्या वरच्या भागात मोठा एक्झॉस्ट बसवा, लोखंडी पात्यांचा. तो आतली वाफ आणि धग बाहेर ओढेल. तो चालू असताना हॉलकडचं दार उघडं ठेवा, म्हणजे बाहेरची हवा आत येईल. आणि भिंतीवर एक पंखा, पण शेगडीच्या बाजूला तोंड करून नाही. उभ्या माणसाच्या पाठीवर आणि मानेवर वारा येईल असा, तिरका. ज्योत हलणार नाही.

त्यांनी तीन पंखे लावून दाखवले. पहिला दिसायला देखणा होता, दोन हात लांब गेलो तर वारा लागेना. दुसऱ्याचा वारा कमी आणि घरघर जास्त. तिसरा काळा, बोजड, कुरूप. त्याच्यासमोर उभा राहिलो तर शर्ट पाठीला चिकटलेला होता तो सुटला. "हाच," मी म्हटलं.

इलेक्ट्रिशियननं सकाळी नऊला काम सुरू केलं आणि साडेबाराला संपवलं. काच काढली, एक्झॉस्ट बसवला, भिंतीला भोकं पाडली, नवा पॉइंट काढला. मी दोन्ही पंखे लावून पोळ्या केल्या. गॅस विझला नाही. पोळ्या वातड झाल्या, पण त्या आधीही होतच होत्या.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. साडेतीन तास! रोज घड्याळ बघत मी म्हणत राहिलो, साडेतीन तासांचं काम होतं हे. स्वतःवर एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो काढायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

जूनमध्ये बायको परत आली. मी तिला हात धरूनच स्वयंपाकघरात नेलं आणि दोन्ही बटणं दाबली. तिच्या कपाळावरचे केस उडाले. ती हसली नाही. तिनं एकदा खिडकीकडे, एकदा भिंतीकडे पाहिलं.

"किती दिवस लागले?"

"बसवायला? एक सकाळ."

"एक सकाळ," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली. "एका दिवाळीत चकल्या तळताना मी चक्कर येऊन पडले होते. आठवतंय? तुम्ही सगळ्यांना हसून सांगितलंत, हिला उपास सोसत नाही. मी त्या दिवशी उपास केलाच नव्हता."

मला आठवत होतं. माझं हसणंसुद्धा आठवत होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"हो. चुकलंच." तिचा आवाज चढला नाही, पण मला तिच्याकडे बघवेना. "आणि उकडतं म्हणून फोन मला केलात. मला!"

त्यानंतर आठ-दहा दिवस तिनं ओट्याला हात लावला नाही. रोज हॉलमध्ये पेपर वाचत बसायची आणि मी रांधायचो. एका सकाळी ती आपणहून आत आली, माझ्या हातातून लाटणं घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही भाजी चिरा. आणि तो भिंतीवरचा दोनवर करा, तीनवर फार आवाज करतो."

मी दोनवर केला. भाजी चिरायला बसलो.