चुकीची माहिती, पुन्हा भरा

किस्से गोळा करायला आम्हाला कुठे जावं लागत नाही, ते टाइप होऊन येतात! कुडवा गावात हार्डवेअरच्या दुकानावर आमचं छोटंसं ऑफिस. मालक खुशालभाऊ, प्रोग्रामर प्रणाली आणि मी. एका ट्रस्टसाठी आम्ही अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची वेबसाइट चालवतो. लोकांनी भरलेलं तपासायचं, बरोबर असेल तर आत घ्यायचं, नाहीतर परत पाठवायचं. काम एवढंच. पण परत पाठवलेला माणूस कोणत्या हालात असेल, ते स्क्रीनवर दिसत नाही.

* * *

सुरुवातीला आडनाव भरणं सक्तीचं होतं. जंगलपट्ट्यातल्या सोमा नावाच्या एका म्हाताऱ्यानं त्या रकान्यात खरं तेच लिहिलं, ‘नाही’.

गावात पोचून ड्रायव्हर ओरडला, “सोमा नाही?”

“हाये ना जी! मीच सोमा!”

“नाही कोण?”

“कोणीच नाही. एकटाच हावो!”

पेशंटच नाही असं समजून ड्रायव्हर गाडी वळवून निघालाच होता. शेजारणीनं आडवं येऊन थांबवली.

* * *

एका निवृत्त गुरुजींचा मोबाइल नंबर आमची साइट घेईना. सारखा मेसेज, ‘कृपया फक्त अंक टाका.’ शेवटी दुसऱ्याच्या फोनवरून ते आमच्यावर कडाडले.

“१, २, ३ हे अंक नाहीत, तर काय भाजीपाला आहे?”

गुरुजी मराठीत आकडे टाकत होते. आमच्या प्रोग्रामला फक्त इंग्रजी आकडे ठाऊक! तोवर गुरुजींच्या बायकोला शेजाऱ्यांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं होतं. त्या ठीक होत्या.

* * *

प्रणालीची एक गोष्ट खुशालभाऊंना पटत नव्हती: भरणाऱ्याच्या फोनवर तपासलेलं सर्व्हरवर, म्हणजे आपल्या बाजूच्या मशीनवर, पुन्हा तपासायचं. “ब्राउझर तपासून राहिला ना? मग सर्व्हरवर पुन्हा काऊन तपासायचं? देवळाच्या दारात चप्पल काढली, मग गाभाऱ्यात पुन्हा काढते काय कोणी?”

प्रणाली कीबोर्डकडे वळली. तिनं आमचं पेज उघडलंच नाही. बाहेरूनच थेट सर्व्हरला एक खोटा पेशंट पाठवला. दोन मिनिटांत ट्रस्टच्या ऑपरेटरचा फोन.

“भाऊ, पेशंटचं वय उणे सात दाखवून राहिलं. गाडी आज पाठवू, का सात वर्षांनी?”

खुशालभाऊंचा चेहरा उतरला. “म्हणजे कोणीबी काहीबी पाठवू शकते?”

“कोणीबी. काहीबी,” प्रणाली म्हणाली.

* * *

सर्व्हरवर पुन्हा तपासायचं काम पूर्ण व्हायच्या आतच कोणीतरी नावाच्या रकान्यात नावाऐवजी कोड टाकला. ट्रस्टच्या स्क्रीनवरचे सगळे कॉल गायब, आणि त्या जागी ‘गणपती बाप्पा मोरया’ नाचायला लागलं! कोण कुठून बोलावतंय, काही दिसेना. ऑपरेटर फोनवर रडकुंडीला आलेला, “मॅडम, जल्दी करो ना!” प्रणालीनं तो कोड शोधून काढून टाकला. स्क्रीन परत आली, तेव्हा खुशालभाऊ कपाळ पुसत म्हणाले, “देवमाणूस होता म्हणून मोरया लिहून गेला. चोर असता तर?”



* * *

‘काय झालं?’ या रकान्यात लोक नुसतं ‘या’ लिहायचे. ड्रायव्हरला काय कळणार? म्हणून खुशालभाऊंनी नियम घातला, काना-मात्रा धरून किमान दहा अक्षरं हवीत.

एका दुपारी प्रणाली स्क्रीनकडे बघता बघता ताडकन उठली. सडक अर्जुनीकडच्या एका गावातून कोणीतरी भरत होतं.

‘साप’. परत पाठवलं.

‘साप’. परत पाठवलं.

‘साप साप’. परत पाठवलं.

“काढा तो नियम!” ती ओरडली. मी ट्रस्टला फोन लावला, एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. तेवढ्यात त्या माणसाचं ‘साप साप साप साप’ आत गेलं. गाडी निघाली.

संध्याकाळी आम्हीच त्या नंबरवर फोन केला. त्याची बायको धानाच्या शेतातल्या बांधीत निंदण करत होती, पायाला चावलं होतं. इंजेक्शन वेळेत मिळालं होतं.

“बोलून राहिली आता,” तो म्हणाला. “पण डॉक्टर मलेच विचारून राहिले, चार साप कसे काय चावले म्हणून.”

“मग चार वेळा काऊन लिहिलं, दादा?” प्रणालीनं विचारलं.

“साप एकच होता, मॅडम. पण एकाले तुमचं मशीन आत घेतच नव्हतं!”